दहा बाय नऊच्या खोलीतून ऐकलेला ‘इन माय रूम’

माझी रेकॉर्डिंगची खोली दहा फूट बाय नऊ फूट आहे. सांगलीत, विश्रामबागला, घराच्या मागच्या अंगाला. दारावर दोन गोधड्या टांगलेल्या, खिडकीला जुन्या गादीचा तुकडा, कोपऱ्यात बाबांची पेटी. दिवसा मी मुलांना पेटी आणि कीबोर्ड शिकवते. रात्री अकरानंतर शेजारची बोअरची मोटर थांबली की माझं स्वतःचं काम सुरू होतं. पेटी, गिटार, ढोलकी, थोडं व्हायोलिन आणि गळा, सगळं मीच. हे आधी सांगितलं, कारण जेकब कॉलिअर या लंडनच्या संगीतकाराच्या ‘इन माय रूम’ या पहिल्या अल्बमबद्दल जे लिहिणार आहे ते याच खोलीत बसून, याच कानांनी ऐकलेलं आहे. घरात बसून एकट्याने गाणं उभं करू पाहणाऱ्याने हा अल्बम घ्यावा का, हा माझा प्रश्न होता. उत्तर ‘घ्यावा’ असंच आहे. पण का घ्यावा, याचं माझं कारण दोन वर्षांत पार बदललं.

माझ्याकडे सीडी आहे. लंडनला राहणाऱ्या आतेभावाने येताना आणली. “अगं, फोनवर मिळतं की हे,” असं तो म्हणालाच. मिळतं, आणि मी आधी फोनवरच ऐकलं होतं. पण फोनच्या बारीकशा स्पीकरवर या अल्बमचा खालचा अर्धा भाग पोचतच नाही. बास गेला की वरची सगळी गर्दी तरंगत राहते आणि माणूस म्हणतो, काय हा गोंधळ! माझं पहिलं मत असंच झालं होतं. सीडी घ्या किंवा चांगल्या प्रतीचं स्ट्रीमिंग घ्या, पण कानाला बरे हेडफोन लावून ऐका.

अल्बम 1 जुलै 2016 ला आला. तेव्हा जेकबचा बाविसावा वाढदिवस महिनाभरावर होता. उत्तर लंडनमधल्या फिंचलीत त्याचं घर आहे, आणि त्या घरातल्या संगीताच्या खोलीत साधारण तीन महिन्यांत त्याने हे काम केलं. अकरा गाणी. आठ त्याची स्वतःची, तीन दुसऱ्यांची. गाणारा तोच, पियानो, बास, गिटार, ड्रम्स वाजवणारा तोच, संयोजन त्याचं, रेकॉर्डिंगही त्याचंच. पुढच्या फेब्रुवारीत, 2017 मध्ये, यातल्या दोन संयोजनांना ग्रॅमी मिळाले. एक ‘यू अँड आय’ला, दुसरं ‘फ्लिंटस्टोन्स’ला. दोन्ही पुरस्कार संयोजनाचे आहेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे चाल कोणाची आणि गायलं कोणी हे विचारतात. मधल्या जागा कोणी भरल्या, कुठला सूर कोणत्या सुराच्या खाली ठेवला, हे काम करणाऱ्याचं नाव बहुतेकांना माहीत नसतं. इथे त्या कामालाच दाद मिळाली.

त्याआधीची चार-पाच वर्षं समजून घेतल्याशिवाय मात्र अल्बम नीट ऐकू येत नाही. 2011-12 पासून हा मुलगा घरातून यूट्यूबवर व्हिडिओ टाकत होता. पडद्याचे तुकडे केलेले, प्रत्येक तुकड्यात तोच. एका चौकोनात बास घेऊन, दुसऱ्यात डफासारखं काही हातात धरून, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्यात नुसता गाताना. 2013 मध्ये त्याने अमेरिकन गायक स्टीव्ही वंडरचं ‘डोन्ट यू वरी बाउट अ थिंग’ असंच केलं. तेव्हा तो 19 वर्षांचा होता. तो व्हिडिओ क्विन्सी जोन्सपर्यंत पोचला. मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ ज्याने घडवला तो क्विन्सी जोन्स. पुढे क्विन्सी जोन्सच्याच कंपनीने त्याचं काम पाहायला घेतलं. जुलै 2015 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या जॅझ महोत्सवात हा पोरगा हर्बी हॅनकॉक आणि चिक कोरिया या जॅझच्या दोन मोठ्या पियानोवादकांच्या आधी एकटा रंगमंचावर होता.

रंगमंचावर एकट्याने खोलीतलं गाणं कसं करायचं, हा प्रश्न मलाही दर वेळी पडतो. गणेशोत्सवात कोणी बोलावलं की माझ्या आठ थरांच्या गाण्याचं तिथे काय करायचं? त्याला हे कोडं सोडवून दिलं अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या बेन ब्लूमबर्गने. जेकबसाठी त्याने एक हार्मनायझर तयार केला. जेकब माइकमध्ये एक सूर गातो आणि त्याच वेळी कीबोर्डवर बोटांनी जेवढ्या पट्ट्या दाबतो तेवढ्या सुरांत त्याचाच आवाज बाहेर पडतो. भोवती गोल वाद्यं मांडलेली, तो एकापासून दुसऱ्याकडे धावतो, वाजवलेला तुकडा यंत्र फिरवत ठेवतं. अल्बम येण्याआधी वर्षभर तो हे करत होता. अल्बमच्या खर्चासाठीही त्याने लोकांनाच बरोबर घेतलं: पेट्रिऑनवर, म्हणजे कलाकाराला चाहत्यांनी थेट पैसे द्यायच्या वेबसाइटवर, पाठबळ देणाऱ्यांनी काही सेकंदांची चाल गाऊन पाठवायची आणि तो तिच्याभोवती आवाजांचे थर बांधून परत देणार. मला ही कल्पना फार आवडते. पैसे मागताना त्याने आपलं कौशल्यच समोर ठेवलं, आणि त्यातून रोजचा रियाझही झाला असणार. अनोळखी माणसाची चार सुरांची चाल, तिला आज नवा पोशाख शिव, उद्या पुन्हा दुसरी. संयोजन शिकायला याहून चांगली शाळा मला सुचत नाही.

आता गाण्यांकडे येते.

पहिल्यांदा ‘यू अँड आय’ लावा. मूळ गाणं स्टीव्ही वंडरचं, 1972 च्या ‘टॉकिंग बुक’मधलं. जेकबने त्यातली वाद्यं काढून टाकली आणि सगळं गळ्यावर उभं केलं. एकाच माणसाचे आवाज, खर्जापासून वरच्या टोकापर्यंत. मी हे गाणं ऐकताना वही घेऊन बसले होते, कारण एकाच गळ्याचे थर लावण्यातला त्रास मला माहीत आहे. तो इथे थोडा उलगडून सांगते.

आठ वेळा स्वतःचाच आवाज रेकॉर्ड करायचा म्हणजे आठ वेळा आपली खोलीही रेकॉर्ड होते. पंख्याची, लॅपटॉपची, बाहेरच्या रस्त्याची जी घरघर एका ट्रॅकमध्ये ऐकूही येत नाही, ती ट्रॅक दुप्पट केले की 3 डेसिबलने वाढते. आठ ट्रॅकना 9 डेसिबल, सोळाला 12. तुम्ही चौथ्या थरापर्यंत खुशीत असता आणि बाराव्या थराला गाण्यामागे कोणीतरी सतत भात शिजवत असल्यासारखा आवाज येऊ लागतो. दुसरा त्रास व्यंजनांचा. ‘रात’ हा शब्द सहा आवाजांनी म्हटला आणि सहाही ‘त’ केसाएवढे मागेपुढे पडले की ‘त-त-त-त’ असं टिचकीसारखं वाजतं. उपाय साधा आहे, पण कष्टाचा: एका आवाजातच ‘त’ पूर्ण म्हणायचा, बाकीच्यांनी ‘रा’वर थांबायचं. तिसरा त्रास श्वासाचा. खरा कोरस असतो तेव्हा माणसं वेगवेगळ्या जागी श्वास घेतात. एकटा माणूस प्रत्येक थरात त्याच जागी घेतो, म्हणून सगळा कोरस एकदम हुंदका दिल्यासारखा वाटतो.

‘यू अँड आय’मध्ये हे तिन्ही कुठे सापडतात का, म्हणून मी कान लावून बसले. श्वास आहेत, पण जिथे हवेत तिथे आहेत. ओळ संपताना आवाज एकेक करून मागे सरतात, आणि शेवटचा जो उरतो त्याच्यावर पुढची ओळ उभी राहते. हे रेकॉर्डिंगच्या तंत्रातून येत नाही. हे आलंय घरातून.

त्याची आई सूझी कॉलिअर. व्हायोलिन वाजवते, वाद्यवृंद चालवते, लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकवत आली आहे. आजोबा डेरेक कॉलिअर हेही व्हायोलिनवादक. या घरात सगळे मिळून बाखची कोराल गात असत. कोराल म्हणजे चार आवाजांची प्रार्थना, म्हटलं तर आपल्या आरतीइतकीच घरगुती. पण तिच्यात चारही आवाजांना आपापली चाल असते. वरचा जे गातो त्याच्या खाली दुसरा नुसता टेकू देत नाही, तो आपल्या वाटेने चालत असतो, आणि दोघांची गाठ कुठे पडेल हे ठरलेलं असतं. लहानपणी जेवणाच्या टेबलाशी ज्याने मधला आवाज धरून ठेवला आहे, म्हणजे वर बहीण गात असताना तिच्या सुराकडे न घसरता आपला सूर सांभाळला आहे, त्याला पुढे एकट्याने बारा आवाज रचताना बारा माणसं दिसत असणार. लहानपणीच तो ऑपेरातही गायला. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’मधला माइल्स हा मुलगा त्याने उभा केला होता. ज्यांनी ते संगीत ऐकलं असेल त्यांना कळेल की तिथे लहान मुलाला किती अवघड सुरांमधून वाट काढावी लागते.

म्हणूनच ‘घरात बसून एकट्याने केलं’ हे जे या अल्बमबद्दल सगळीकडे म्हटलं जातं ते मला अपुरं वाटतं. विद्यार्थ्यांचे पालक मला विचारतात, यूट्यूब बघून मुलगा सगळं शिकेल ना? त्यांना मी आता या अल्बमचं उदाहरण देते, पण त्यांच्या अपेक्षेच्या उलट बाजूने. त्या खोलीत मुलगा एकटा होता हे खरं. पण त्या खोलीच्या भिंतीपलीकडे रोज कोणीतरी गात होतं, व्हायोलिन लावत होतं, चुकलेला सूर दुरुस्त करत होतं.

‘हाइडअवे’ मला अल्बममधलं सगळ्यात पूर्ण गाणं वाटतं. शांतपणे सुरू होतं, गिटारच्या साध्या तारांवर, आणि हळूहळू एकेक पाहुणा आत येतो. घाई नाही. लोक या मुलाच्या सुरांच्या ज्ञानाबद्दल बोलतात, मला त्याचा धीर जास्त मोठा वाटतो, आणि तो या गाण्यात दिसतो. ‘इन द रियल अर्ली मॉर्निंग’ त्याहून उघडं आहे. पियानो आणि आवाज, भोवती फार काही नाही. पहाटे साडेपाचला, घंटागाडी यायच्या आधी, मी हे एकदा ऐकलं आणि नंतर तासभर पेटीला हात लावला नाही. पियानोच्या सुरांमध्ये त्याने जी मोकळी जागा सोडली आहे तिथे मला काहीच भरावंसं वाटलं नाही.

अल्बमचं नाव ज्यावरून आलं ते ‘इन माय रूम’ मूळचं बीच बॉइजचं, 1963 चं. ब्रायन विल्सन आणि गॅरी अशर यांनी लिहिलेलं. स्वतःच्या खोलीत आपल्याला कशाची भीती वाटत नाही, असं सांगणारं. जेकबने ते इतक्या मऊ थरांत गुंडाळलं आहे की मूळ चालीचा साधेपणा थोडा हरवतो. सुंदर आहे, पण मला मूळ जास्त जवळचं वाटतं.

‘सेव्हिअर’ आणि ‘हजांगा’ ऐकताना बासकडे लक्ष द्या. दहा फुटांच्या खोलीत बास रेकॉर्ड करणं किंवा नुसतं ऐकून ठरवणं केवढं अवघड आहे हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फुटांचं अंतर असेल तर 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर तिथे स्वतःच घुमू लागतो. बास गिटारची ‘ए’ची तार मोकळी छेडली की 55 हर्ट्झ वाजतो. म्हणजे माझ्या खोलीत तो एक सूर कायम ढोलासारखा फुगतो आणि शेजारचे दोन सूर गायब होतात. कितीतरी दिवस मी बास कमी-जास्त करत राहिले आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन ऐकलं की सगळं उलटं निघायचं. आता मी बास नेहमी हेडफोनवर तपासते आणि मग बाबांच्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या स्पीकरवर. फिंचलीची ती खोली केवढी आहे ते असो, पण या दोन गाण्यांत बासचा प्रत्येक सूर सारख्या वजनाने उभा आहे, आणि तरी तो ड्रम्सच्या किंचित मागे रेंगाळतो. तबल्यावर ठेक्याला झोल देतात ना, तसा. हे रेंगाळणं ठरवून केलेलं आहे. दोन्ही वाद्यं एकाच माणसाची असल्यामुळे कोणी कोणासाठी थांबायचं हे त्याच्याच मनात ठरलेलं आहे.

आता जे मला पटलं नाही ते. अल्बमच्या सुरुवातीचं ‘वोक अप टुडे’ आणि आणखी दोन-तीन गाण्यांमध्ये फार दाटी आहे. एक कल्पना कानात बसते न बसते तोच दुसरी येऊन तिला ढकलते. स्टुडिओत पाच माणसं असतात तेव्हा ड्रमर म्हणतो, अरे इथे मला जागा दे. गायक म्हणतो, या ओळीखाली एवढं नको. एकट्याच्या खोलीत नाही म्हणायला कोणी नसतं, आणि ते ऐकू येतं. ‘फ्लिंटस्टोन्स’ या कार्टूनच्या शीर्षकगीतावरचं त्याचं काम पुरस्कारप्राप्त आहे, त्यातली अक्कल थक्क करणारी आहे, पण मी ते चार वेळा अभ्यास म्हणून ऐकलं आणि पाचव्यांदा ऐकायची ओढ वाटली नाही. त्याच्या स्वतःच्या गाण्यांचे शब्दही मला सुरांच्या तोडीचे वाटत नाहीत. ज्या माणसाला सुरांत इतकं काही सांगता येतं त्याने शब्दांवरही तेवढाच वेळ घालवायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या कानांना या मुलात आणखी एक गोष्ट सापडेल. ती अल्बममध्ये नाही. नाताळचं ‘इन द ब्लीक मिडविंटर’ हे इंग्रजी गीत त्याने आवाजांच्या थरांत बांधलं आहे. त्यात तो पांढरी तीनवरून निघतो आणि वाटेत पट्टी सरकवत एका अशा सुरावर नेऊन ठेवतो जो पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध आहे. पेटीवर तो सूरच नाही! पियानोवरही नाही. बाबा आयुष्यभर भजनी मंडळात पेटीची साथ करत आले, श्रुतींवरून वाद घालणाऱ्या गवयांना ते शांतपणे “माझ्या पेटीत बसेल तेवढंच देईन” म्हणायचे. त्यांना मी हे ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी पेटी ओढली, पांढरी पाच दाबली, काळी चार दाबली, मग दोन्ही सोडून तो मधला सूर गळ्यातून काढला. पुन्हा लाव म्हणाले.

मग त्यांना ‘यू अँड आय’ ऐकवलं. किती माणसं आहेत, त्यांनी विचारलं. एकच मुलगा आहे, मी म्हटलं. “मग त्याला घरात कोणीतरी मांडीवर घेऊन शिकवलंय,” असं ते म्हणाले. सूझी कॉलिअरबद्दल मी त्यांना तोवर काहीच सांगितलेलं नव्हतं.

कोणासाठी आहे हा अल्बम? संध्याकाळी चहाबरोबर मागे काहीतरी हळू वाजत राहावं म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, तो तसा मागे राहत नाही. संयोजन शिकणाऱ्याने मात्र जरूर घ्यावा. ‘यू अँड आय’ आधी, मग ‘हाइडअवे’, मग ‘इन द रियल अर्ली मॉर्निंग’, आणि बाकीचं पुढच्या आठवड्यात. प्रत्येक वेळी एकच आवाज धरून शेवटपर्यंत त्याच्यामागे जा. मी माझ्या मोठ्या मुलांना हाच गृहपाठ देते: आज फक्त बास ऐकायचा आणि गाऊन दाखवायचा. तेरा वर्षांच्या एका मुलीने ‘हाइडअवे’चा मधला एक आवाज, जो मला स्वतःला वेगळा ऐकू आला नव्हता, तो दुसऱ्या दिवशी गाऊन दाखवला. एवढ्याने माझे सीडीचे पैसे वसूल झाले.

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आईच्या बांगड्या येतात. ती रात्री पाणी प्यायला उठते, मागच्या दारापाशी माठ आहे, आणि गोधड्यांतूनही तो आवाज आत येतो. आजवर मी असा प्रत्येक थर पुसून पुन्हा गायचे. गेल्या रविवारी एका ओवीला आठ आवाजांत बांधत होते. पाचव्या थरात, दुसऱ्या ओळीच्या शेवटी, बांगड्या आहेत. त्या वेळी आई दारापाशी थांबून माझ्याबरोबर तीच ओळ गुणगुणली होती, अगदी हळू, माझ्या सुराच्या खालून. कान देऊन ऐकलं तर तीही आहे. तो थर मी तसाच ठेवला आहे, आणि नववा आवाज तिच्याकडून नीट गाऊन घेणार आहे.